छान म्हणायला बंदी असलेलं घर

काकांना फोन केला की ते कशी आहेस, काय चाललंय, असलं काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, सर्दी आहे का?" नाही म्हटलं की पुढचं बोलणं सुरू. आहे म्हटलं की "बरं, मग उतरल्यावर बोलू," म्हणून फोन ठेवून मोकळे. माझा नवरा म्हणतो, तुझा तो शहाडचा म्हातारा सटकलेला आहे. आहेच. पण या एका प्रश्नापुरतं बोलायचं तर पाप माझं आहे, त्यांचा काही दोष नाही.

ते माझे घरमालक. त्यांच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिले. त्याआधी दिवा गावात आम्ही चौघीजणी एका खोलीत राहायचो. पाणी यायचं तेव्हा आम्ही ऑफिसात, आणि आम्ही घरी असलो की नळ कोरडा. शीळफाट्याच्या ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कॉम्प्युटरवर बसायचे, तिथल्या एका ड्रायव्हरने सांगितलं की शहाडला स्टेशनजवळ एक खोली आहे, पाणी आहे, मालक सज्जन आहेत, फक्त जरा परीक्षा घेतात. मला वाटलं, आधार कार्ड, पगाराची स्लिप, असलं काहीतरी मागत असतील.

गेले. खाली बैठकीच्या खोलीचं दार सताड उघडं. शेजारच्या एका बाईंना मुद्दाम बोलावून खुर्चीवर बसवलेलं, कारण घरात एकटा पुरुष आणि समोर एकटी मुलगी हे काकांना पटायचं नाही. काका स्वतः पांढऱ्या लॅब कोटात, कोटाच्या खिशाला पेनासारखा थर्मामीटर अडकवलेला. माझ्यासमोर तीन बशा आल्या. प्रत्येकीत बोराएवढा एक तपकिरी गोळा, आणि खाली चिठ्ठ्या: अ, ब, क. मॅडम, क्रमाने खा, मध्ये पाणी प्या आणि काय वाटलं ते सांगा, असं म्हणाले. नाव, गाव, नोकरी नंतर.

चॉकलेटच्या असल्या गोळ्याला ट्रफल म्हणतात, हे मी तोवर ऐकलेलंही नव्हतं. चॉकलेट म्हणजे गोड, एवढंच ठाऊक. पहिला गोळा तोंडात टाकला तर कडू! डोकंच फिरलं. एवढ्या उन्हातून आलेय आणि हे काय चाललंय यांचं? माझं तोंड तसंही फटकळ आहे. सांगून टाकलं, पहिला कडू आहे पण लोण्यासारखा आहे, चालेल. दुसरा करपलाय. तिसरा टाळ्याला मेणासारखा चिकटून बसलाय, हा कुणाला देत जाऊ नका. काकांनी हे शब्द न शब्द एका लांब वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, सामान कधी आणताय? नंतर कळलं की माझ्याआधी दोघेजण तिन्ही गोळ्यांना छान म्हणून गेलेले. त्यांना काकांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. दुसरा गोळा मुद्दाम करपवलेला होता आणि तिसरा स्वस्तातल्या, वनस्पती तुपाच्या चॉकलेटचा.

तर त्या घरात छान म्हणायला बंदी होती. मस्त, भारी, एक नंबर हेही बाद. "छान हा निकाल नाही मॅडम," ते म्हणायचे, "ती सुटका आहे. माणूस छान म्हणतो आणि निघून जातो." मॅडम ते सगळ्यांनाच म्हणायचे: मला, भाजीवालीला, कचरा न्यायला येणाऱ्या बाईला आणि ओट्यावर झोपणाऱ्या मांजरीला. मांजरीला उठवायचं झालं तर मॅडम, जरा सरकता का, असं विचारून थांबायचे. ती सरकायची नाही. मग ते दुसऱ्या बाजूने जायचे.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. रंग पातळ करायची ती उग्र द्रावणं वर्षानुवर्षं हुंगून हुंगून नाक गेलं. एका दिवसात नाही गेलं. ते सांगायचे, आधी फुलं गेली, मग पावडर, मग फोडणी आणि सगळ्यात शेवटी रॉकेल. रॉकेल गेलं त्या दिवशी आपण डॉक्टरकडे गेलो, म्हणायचे. जीभ मात्र शाबूत होती. गोड, खारट, आंबट, कडू, तिखट एवढं कळायचं. पण वास नसला की चवीचं काय उरतं हे मला त्यांच्याकडे बघून समजलं. आंबा आणि पपई त्यांना सारखीच: गोड आणि ओली.

काकी होत्या तोवर अडत नव्हतं. मी काकींना पाहिलेलं नाही, मी यायच्या वर्षभर आधी त्या गेल्या. पण त्या काय करायच्या ते मला पाठ आहे. जेवताना शेजारी बसून त्या काकांना वास सांगायच्या. आज डाळीत हिंग जास्त पडलाय. भाताचा वास नवीन तांदळाचा आहे. समोरच्यांकडे बोंबील भाजतायत. स्वतःच्या स्वयंपाकाला त्यांनी कधी छान म्हटलं नाही आणि काकांच्या कुठल्या गोष्टीलाही नाही. काका हे सांगताना असे खूश व्हायचे की ऐकणाऱ्याला वाटावं केवढं कौतुक झालंय.

त्या गेल्यावर जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं झालं. मग ठाण्याच्या लेकीने एकदा वाढदिवसाला डार्क चॉकलेट ट्रफलचा डबा आणला. काकांनी एक तोंडात टाकला आणि तो कडूपणा आणि तो मऊपणा त्यांच्यापर्यंत पोचला, सगळाच्या सगळा. लेकीला त्यांनी बाकीचा डबा घरी नेऊ दिला नाही. मोबाईलवर एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून त्यांनी कारखान्यातल्यासारखी कृती लिहून काढली आणि फ्रिजवर चिकटवली.

कृती साधी आहे. डार्क चॉकलेट सुरीने बारीक चिरायचं, क्रीम गरम करायचं, कडेला बुडबुडे आले की गॅस बंद. क्रीम चॉकलेटवर ओतायचं, तीन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधोमध चमचा फिरवत हळूहळू बाहेर यायचं. चमकायला लागलं की थोडं लोणी. ट्रेमध्ये ओतून फ्रिजमध्ये. घट्ट झालं की चमच्याने काढून तळहातावर वळायचं आणि कोको पावडरमध्ये घोळायचं. एवढंच. पण काका त्या तीन मिनिटांत घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि कुणाला बोलू द्यायचे नाहीत. वळायचं काम त्यांनी मला कधी दिलं नाही. माझ्या हातात गोळा आला की वितळून मनगटापर्यंत यायचा. मॅडम, तुमचा स्वभाव हातात उतरलाय, म्हणायचे. त्यांचे हात मात्र मे महिन्यातही थंडगार.

मला दोन कामं होती. पहिलं चव सांगायचं. दर रविवारी एक ट्रफल आणि चार प्रश्न: कडू किती, गोड किती, जिभेवर किती वेळ टिकतं, आणि मागे काय उरतं. चौथा प्रश्न खरा. कारण मागे उरतो तो वासच, आणि तो त्यांना कळायचा नाही. मी सांगायचे, आज कॉफी उरली, आज भाजलेले शेंगदाणे, आज जुन्या लाकडी कपाटाचा वास. ते मान खाली घालून लिहायचे.

दुसरं काम रोजचं. सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून एक मोठा श्वास घ्यायचा आणि ठीक म्हणायचं. गॅस गळत असला तरी त्यांना कळणार नव्हतं. रेग्युलेटर ते दर वेळी बंद करायचेच, तरी माझं ठीक ऐकल्याशिवाय काडी ओढत नसत. मी चहासाठी थांबायचे नाही, घाईत श्वास घ्यायचे, ठीक म्हणायचे आणि पळायचे. काही दिवसांनी त्याची इतकी सवय झाली की चपला घालता घालताच मी ठीक म्हणायला लागले.

आता पातेल्याची गोष्ट. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की खीर वाटतात. आमच्या तिथल्या विहाराची खीर कित्येक वर्षं काकींच्या हातची. त्यासाठी एक मोठं कडीचं पितळी पातेलं होतं. पातेलं विहाराचं, पण जिच्या हातची खीर तिच्या घरी ते वर्षभर राहायचं, असा रिवाज. काकी गेल्यावर पहिल्या वर्षी खीर बाहेरून आली आणि पातेलं काकांच्या माळ्यावरच राहिलं. दुसऱ्या वर्षी विहाराच्या कमिटीतले दोघेजण आले. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या, त्या खीर करायला तयार आहेत, पातेलं त्यांच्याकडे जाऊ दे, असं दोघांनी फार अदबीने सांगितलं. काका म्हणाले, नाही. यंदा आमच्याकडूनच. पण खीर नाही, ट्रफल.

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी त्यांना समजावलं की खीर नाकाने करतात, दूध खाली लागलं की आधी नाकाला कळतं, ते आपल्याला जमणार नाही. पण ट्रफल थर्मामीटरने होतं. शेवटी ठरलं असं की यंदा काकांनी करावं, लोकांना रुचलं तर पातेलं त्यांच्याकडे, नाही तर पुढच्या वर्षीपासून मावशींकडे. ते गेल्यावर काकांनी पातेलं माळ्यावरून उतरवून चिंचेने घासलं. पाण्याचा एक थेंब राहू नये म्हणून तीन वेळा पुसलं. मग त्याच्याकडे बघत बसले. मला वाईट वाटलं. एका भांड्यासाठी माणूस एवढा जीव टाकतो हे मी पहिल्यांदाच बघत होते.

पौर्णिमेच्या पाच दिवस आधी माझ्या आईने चिपळूणहून आगोटीची सुकट पाठवली. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत म्हणून आमच्याकडे मे महिन्यात सुकी मासळी भरून ठेवतात, आणि आई माझ्या वाट्याची दरवर्षी न चुकता पाठवते. माझी खोली पत्र्याखाली, तिथे मुंग्या. काकांच्या फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा मला दिलेला होता आणि अट एकच होती: वासाचं काही ठेवायचं नाही, ट्रफल दुसऱ्याचा वास ओढून घेतं. मी सुकट दोन पिशव्यांत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातली आणि ठेवली. त्यांना कुठे कळणार आहे, असं माझ्या मनात आलं. आलं होतं, लपवत नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या एसीने मला सर्दी झाली. नाक असं बंद की अमृतांजनसुद्धा समजेना. कामाची गडबड होती. ट्रकांची रांग लागलेली, सुट्टी कुठली! मी गोळ्या घेत होते आणि सकाळी निघताना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ठीक म्हणत होते.

काकांनी दोन दिवसांत आठ बॅचेस केल्या. ट्रेवर ते कधी झाकण ठेवत नसत, झाकणाला घाम येतो आणि थेंब खाली पडतो म्हणून. ते सगळे ट्रे उघडेच माझ्या कप्प्याच्या वर रचलेले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटची बॅच वळून झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि मला एक ट्रफल दिलं. कडू किती? सांगितलं. गोड किती? सांगितलं. जिभेवर किती वेळ? तेही सांगितलं. मागे काय उरतं?

मागे काहीच उरत नव्हतं. नाकात कापूस कोंबल्यासारखं झालेलं. सर्दी आहे म्हणाले असते तर त्यांनी अजून कुणालातरी बोलावलं असतं, पुन्हा सगळं चाखणं, पुन्हा लिहिणं. मी दमलेले. म्हटलं, भाजलेले शेंगदाणे. त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात तळाला बर्फ, वर ट्रफलचे स्टीलचे डबे, त्यावर ओला पंचा, असं सगळं रिक्षात घालून विहारात नेलं. काकांनी पांढरा शर्ट घातलेला, लॅब कोट आयुष्यात पहिल्यांदा घरी राहिला. वंदना झाली, वाटप सुरू झालं. मी डबा धरलेला, काका एकेकाच्या हातावर ट्रफल ठेवत होते. लोक जय भीम म्हणायचे, तोंडात टाकायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, छान आहे हां काका. वेगळंच आहे. छान आहे. एका बाईने अर्धं खाऊन उरलेलं हळूच रुमालात गुंडाळलं. दुसरं कुणी मागितलं नाही.

काकांचा हात मंदावत गेला. मग त्यांनी डबा माझ्याकडून काढून खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, सगळेच छान म्हणतायत. काय बिघडलंय?"

तेवढ्यात शिवणकामवाल्या मावशी पुढे आल्या. पातेल्यासाठी त्यांचं नाव होतं, त्यांनी गप्प बसणं सोपं होतं. छान म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या काकांच्या समोर उभ्या राहिल्या, हातात अर्धं ट्रफल.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका. पण ह्याला सुकटीचा वास येतोय."

बिस्किटांचा डबा मला तिथेच आठवला. काकांनी मात्र खिशातून पेन काढलं. वही नव्हती, म्हणून विहाराच्या पत्रकाच्या पाठीवर लिहायला लागले. कडू किती? मावशी म्हणाल्या, औषधासारखं नाही, कारल्याच्या भाजीला गूळ घातल्यासारखं, चालतं. गोड किती? कमी, पण तसंच पाहिजे. जिभेवर किती वेळ? लगेच विरघळतं, हे भारी जमलंय तुम्हाला. आणि मागे काय उरतं? मावशी म्हणाल्या, मागे सगळी सुकटच उरते दादा, बाकी काही नाही. सगळं विहार ऐकत होतं. काकांनी भारीसुद्धा लिहून घेतलं. मग बर्फाचं पाणी बाहेर ओतून आले, पंचाने पातेलं कोरडं केलं आणि दोन्ही कड्या धरून मावशींच्या पुढ्यात ठेवलं.

मावशी म्हणाल्या, असं नको, मी त्यासाठी नाही बोलले. काका म्हणाले, त्यासाठी बोलला नाहीत म्हणूनच.

रिक्षाने घरी आलो. दारातच मी सांगून टाकलं. सुकट माझी आहे. मला सर्दी आहे, शेंगदाणे मी मनाने सांगितले. मी रडत होते आणि मनात म्हणत होते, आता खोली गेली. पातेलं गेलं ते माझ्यामुळे, काकींचं एवढंच तर राहिलेलं त्या घरात. काका खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, सर्दी कधीपासून आहे? म्हटलं, पाच दिवस. ते म्हणाले:

"आणि गॅस?"

त्या क्षणापर्यंत माझ्या ते डोक्यातसुद्धा आलेलं नव्हतं. पाच सकाळी मी बंद नाकाने ठीक म्हटलेलं आणि पाच सकाळी त्या ठीकवर विश्वास ठेवून ह्या माणसाने काडी ओढलेली. मी खाली फरशीवरच बसले. काकांनी उठून मला पाणी दिलं, वही काढली आणि त्या बॅचसमोर काहीतरी लिहिलं. मी वर गेले, आणि संध्याकाळी भांडी द्यायला खाली आले तेव्हा वही उघडीच होती. लिहिलेलं: परीक्षकास सर्दी. विचारायचं राहून गेलं. चूक माझी.

ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दारात पहिला प्रश्न सुरू झाला, सर्दी आहे का. आणि मी एकही सकाळ चपला घालता घालता ठीक म्हटलं नाही. रेग्युलेटरपाशी जाऊन, खाली वाकून, नीट श्वास घेऊन मग बोलायचे.

त्या रविवारी त्यांनी मला सुकट शिजवायला लावली. अडीचशे लोकांना जे कळलं ते मलाही कळू दे, म्हणाले. कांदा, कोकम घालून केली, भाकऱ्या थापल्या. तोवर माझं नाक सुटलेलं. ते जेवत होते आणि मी शेजारी बसून सांगत होते: कांदा लाल झालाय, कोकमाचा वास वर येतोय, आणि मागे खाडीचा, ओहोटी लागल्यावर चिखलाचा येतो तसा. ते म्हणाले, हे सगळं चॉकलेटमध्ये? म्हटलं, हो. मग आम्ही दोघं हसलो, पण त्यांनी सुकट दोनदा घेतली.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला खीर मावशींची होती. काका विहारात मागच्या रांगेत बसलेले, मी त्यांच्या शेजारी. वाटप सुरू व्हायच्या आधी मावशी पहिली वाटी घेऊन सरळ त्यांच्याकडे आल्या, समोर मांडी घालून बसल्या आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायला लागल्या. वेलची जरा जास्त पडलीय. दूध एकदा खाली लागलेलं, लगेच उतरवलं, पण किंचित धुराटलंय. मागे जायफळ उरतं. काका एकेक चमचा खात मान हलवत होते. अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"तिच्यासारखी झालीय?"

मला वाटलं, म्हणा हो मावशी, एकदाच म्हणा. कुणाचं काय जातंय. मावशींनी पदराने कपाळाचा घाम पुसला आणि काकांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "नाही दादा. तिच्यासारखी नाही झाली."

काकांनी उरलेली खीर संपवली, वाटी बोटाने निपटून चाटली आणि पुढे केली. म्हणाले, बरं, मग अजून थोडी वाढा.